डाव्या हाताची वेणी

बाबांचा जुना स्वेटर उसवाले कोकिळेले अर्धा दिवस लागला, अन् तेवढ्यात तिनं आठवडाभराच्या शिव्या देऊन टाकल्या. लढाई सुरू होती. बुलढाण्याच्या बाजारात लोकर पाहाले भेटत नव्हती. म्हणून आईनं पेटीतून हाच काढला, कचेरीत घालून घालून कोपरं फाटलेला. उसवलेली लोकर निंगाली ते वाकडीतिकडी, भिजल्या शेवयांसारखी. मग तिची लड करा, गरम पाण्यात बुडवा, खाली पाण्याचा लोटा बांधून दोरीवर लटकवा, तवा कुठी ते सरळ होते.

हा सारा खटाटोप थोरल्या बहिणीपायी, प्रतिमासाठी. मेहकरचं स्थळ आलं होतं. पोरगा गोपाळ, शाळेत मास्तर. मायबाप नाहीत, आत्यानं वाढवलेला. स्थळ आणणारे वामनराव जातानी सांगून गेले, "सत्यभामाबाईले, म्हणजे पोराच्या आत्याले, विणकामाचं लय वेड हाय. पोरीच्या हातचं काहीतरी दाखवजा."

आता प्रतिमाच्या हातची पुरणपोळी दाखवता आली असती, अक्षर दाखवता आलं असतं. विणायच्या सुया मात्र ते अशा धरे का जशी पाल धरली. विणणारी होती कोकिळा. मग ठरलं, विणन कोकिळा अन् नाव प्रतिमाचं. यात खोटं असं घरात कोनालेच वाटलं नाही. गल्लीतल्या किती पोरी मावशीच्या नाहीतर वहिनीच्या विणकामावर उजवल्या होत्या.

कोकिळा होती डावखोरी. सहावीत मास्तरनं डाव्या हातावर छडी मारली, ते तिनं त्याच्याच हातातून हिसकून मोडली अन् खिडकीतून फेकली. त्या दिवशी घरी आली, ते पुन्हा शाळेची पायरी चढली नाही. विणकाम तिले कोनी शिकवलं नाही. शेजारच्या मंजुळाबाई ओट्यावर विणत बसत. कोकिळा त्यांच्या समोर बसून पाहे. त्यांच्या उजव्या हाताचं काम तिच्या डाव्या हाताकडं दिसे, जसं आरशात. तसंच तिनं उचललं. छडी नाही, बोलणं नाही. हात आपोआप चालाले लागला.

स्वेटर काही सुखासुखी झाला नाही. पाठ विणली तवा कोकिळा खुशीत होती, टाके ढिले पडले. पुढचा भाग विणताना आईसंग रोज भांडण, ते टाके असे आवळले का पुढचं पाठीपेक्षा तीन बोटं कमी भरलं. उसव. पुन्हा घाल. मग एक टाका गळाला अन् दहा-बारा ओळी खाली गेल्यावर दिसला. उसव. एक डाव तर तिनं सुया अंगणात फेकल्या, अन् अंधार पडाच्या आत गुपचूप जाऊन आणल्या. पण मधोमध वेणीची नक्षी उठाले लागली तवा ते जेवाले उठेना. बोटानं वेणी चाचपत बसली. तिच्या हातानं जन्मात एक गोष्ट अशी नीट झाली होती.

मार्गशीर्षात पाह्यणे आले, मेहकरच्या सर्व्हिस मोटारीनं. कोकिळेले सैपाकघरात घातलं. पाह्यण्यासमोर लहानीनं यायचं नाही, नजर तिच्यावर जाते, हा आईचा कायदा. कोकिळा दाराच्या फटीले डोळा लावून बसली.

गोपाळनं इचारलं, "वाचाले आवडते काय?"

"आवडते. पण घरात पंचांगाशिवाय काही नाही," प्रतिमा म्हणे.

तो हसला. तेही हसली. कोकिळेनं बहिणीले असं हसताना कधी पाह्यलं नव्हतं. घरात हसे ते तोंडाले पदर लावून. तिले वाटलं, जमलं बापा.

मग आईनं स्वेटर पुढं केला. सत्यभामाबाईनं तो उजेडाकडं धरला, उलटा केला, आतून पाह्यला. "टाके मोत्यासारखे हायेत हो," म्हणे. आईचा चेहरा फुलला. बाईनं मग आपल्या अंगावरची शाल काढली अन् शेजारी ठेवली. तिच्यावरही वेणीच होती, तिच्या हातची.

"पाहा बरं. माही वेणी उजवीकडं फिरते. हे डावीकडं. हे डाव्या हाताचं काम हाय. पोरगी डावखोरी हाय काय?"

आईचं तोंड उघडं ते उघडंच. नाही म्हणावं तर मग स्वेटर कोनाचा? बाबा छताकडं पाहाले लागले.

प्रतिमानं खाली पाह्यलं. मग हळूच बोलली, "हाव. विणताना तेवढा डावा चालते. बाकी सारं उजव्यानंच करतो."

"देवाचा नैवेद्य असते, पितराचं पान असते..." बाई म्हणे.

"आत्या," गोपाळ मधात बोलला, "आता पोह्याची बशी उजव्यानंच दिली ना त्यांनी? असू द्या."

बाईनं त्याच्याकडं पाह्यलं. थोडी हसलीही. "लय घाई झाली तुले. बरं, सवय मोडता येते. माह्या भाचीची मोडली. दोन डाव चटका देल्ला डाव्या हातावर, पुन्हा डावा उचलला नाही तिनं."

ते ऐकलं अन् कोकिळेच्या अंगाची लाही झाली. दार धाडकन भिंतीवर आपटलं.

"कोनाले चटके देता? ते माह्यं काम हाय! तिले साधा टाका घालता येत नाही. हा घ्या माहा हात, द्या चटका!"

डावा हात पुढं करून ते उभी होती.

"तुह्यं हाय?" बाईनं शांतपणे इचारलं.

"हाव."

"अन् तुही बहीण आता बोलली ते?"

बाईनं स्वेटरची नीट घडी घातली अन् आईच्या मांडीवर ठेवली. "हात डावा असता तर मी निभावलं असतं, बाई. पण तुमची पोरगी माह्या तोंडावर खोटं बोलली, अन् आवाजही हालला नाही तिचा. उद्या घरात काय खरं धरू मी?"

गोपाळ उठला. त्यानं प्रतिमाकडं एक डाव पाह्यलं. रागानं पाह्यलं असतं तर बरं झालं असतं. अर्धा चहा तसाच टाकून गेला.

सांजेले प्रतिमा मोरीवर बशा घासत होती. कोकिळा मांगं जाऊन उभी राह्यली.

"मी तुह्यासाठीच बोलली वं..."

"माह्यासाठी?" प्रतिमानं मान वळवली नाही. "तू तुह्या हातासाठी बोलली. विणणं मी सहा महिन्यात शिकली असती, कोकिळे. जीव गेला तरी शिकली असती."

कोकिळेनं घासलेल्या बशा उचलल्या अन् पुसाले घेतल्या.

मेहकरहून पुन्हा निरोप आला नाही. वामनरावही दुसऱ्या गल्लीनं जाऊ लागले. फाल्गुनात सुलतानपूरचे पंजाबराव पाहाले आले. शेतीवाले, चाळिशीचे, पहिली बायको वारलेली, घरात दोन लेकरं. विणकामाचं त्यांनी इचारलं नाही, वाचनाचंही नाही. सैपाक येते काय एवढंच इचारलं. प्रतिमा म्हणे, "हाव." आवाज हालला नाही.

लग्नाच्या दोन दिवस आधी ते पेटी भरत होती. कोकिळा दारात येऊन थांबली. इतक्या दिवसात दोघींचं कामापुरतंच बोलणं होतं.

"तिथल्या लेकरांसाठी स्वेटर विणून देतो," कोकिळा म्हणे. "पुढच्या थंडीले होतीन. माप सांग."

प्रतिमानं हातातलं लुगडं पेटीत ठेवलं, वरून दाबलं.

"माप काय सांगू? लेकरं मी पाह्यली कुठी अजून."