पाणी घातलेले वरण

वरणात पाणी घातले की ते अधिक खारट होत होते.

आई गेल्यापासून दर्यापूरच्या आमच्या घरात चूल पेटली नव्हती. जेवण आणि पिण्याचे पाणी शेजारून येई. राख सावडल्यावर चूल पुन्हा पेटली आणि माझ्या बायकोने, शकुनने, वरण शिजत घातले. डाळ मऊ होईना, म्हणून ते बराच वेळ उकळत राहिले.

आईची धाकटी बहीण पार्बतामावशी बार्शीटाकळीहून आली होती. या घरी राहण्याची तिची ही पहिलीच वेळ. पहिला घास घेऊन ती थांबली.

“काय वं, मिठाची गोणी उलथवली काय यात?”

“चिमूटभर टाकलं, मावशी.”

“चिमटीनं असं होते? पाणी टाक. कणकेचे गोळे सोड, मीठ ओढून घेतेत.”

पाणी घातले, गोळे सोडले, पुन्हा उकळी आणली. खारटपणा वाढला. मावशीने ताट सारले.

“माह्या बहिणीचा आत्मा घास घेऊन नाही राहिला. हिच्या हातचं तिले नको. तेरवीचा सैपाक हिनं करायचा नाही. हिले माहेरी चांदूरले पाठवून दे.”

“सा महिने माह्याच हातचं खात होत्या त्या,” शकुन म्हणाली. मग तिने माझ्याकडे पाहिले.

मी काही बोलणे अपेक्षित होते. मला राग आला नाही, वाईटही वाटले नाही. स्मशानातून परतल्यापासून काहीच वाटत नव्हते. शकुन आत जाऊन लुगडी गाठोड्यात बांधू लागली.

शेतकी खात्यात माती तपासणे हे माझे काम होते. दुसरे काही सुचेना, म्हणून तेच केले. कोरडी डाळ चावली. ती खारट नव्हती. रांजणातले वाटीभर पाणी तव्यावर आटवले. तव्यावर पांढरा थर उरला. तो जिभेला खारट आणि किंचित कडू लागला.

“रांजण कोनं भरला?”

“म्या,” मावशी म्हणाली. “तुमी मसनात गेलते. मेल्या घरातलं पाणी ठेवत नाहीत. समदं फेकलं अन् आंगणातल्या हिरीचं भरलं. काहून? आमी तं हिरीचंच पितो.”

मी तवा तिच्यापुढे धरला. तिने बोट लावून चव घेतली. मग आत जाऊन तिने गाठोड्याची गाठ स्वतः सोडली.

“बाहेर ये वं,” एवढेच ती शकुनला म्हणाली.

बार्शीटाकळीच्या विहिरी गोड्या आहेत. आमच्या भागातल्या खाऱ्या. अंगणातली विहीर आम्ही धुण्याभांड्यांपुरती वापरतो, आणि रांजणात दुरून गाडीने आणलेले गोडे पाणी असते. शकुनने रांजणातले पाणी गोडेच आहे असे समजून वापरले. डाळ त्या पाण्यामुळेच शिजली नाही. उकळताना पाणी उडून जाई आणि क्षार मागे राहत. वर ओतलेला प्रत्येक तांब्या त्यांत भर घाली. कणीकही त्याच पाण्याने मळलेली होती.