तीन खिशांचा पांढरा कोट

मित्रांनो, मी एक जुना कोट आहे. पांढरा म्हणवतो, पण ते आता म्हणण्यापुरतंच. छातीवर लाल डाग आहेत, एक बाही निळ्या रंगाने माखलेली आहे आणि कोपरावर ठिगळ आहे. त्या ठिगळाचा मला फार अभिमान आहे. आज त्याचीच गोष्ट सांगतो.

माझा जन्म एका शिंप्याच्या दुकानात झाला. त्याची मुलगी तायडी वनस्पतिशास्त्र शिकायला परदेशी निघाली होती. प्रयोगशाळेत घालायचा कोट तिथेही मिळाला असता, पण शिंप्याची मुलगी विकतचा कोट घालणार? बाबांनी गिऱ्हाइकांची कामं बाजूला सारून मला शिवलं. अशा कोटाला खिसे दोनच असतात. तायडी पेन्सिली हरवण्यात पटाईत, म्हणून त्यांनी आतल्या बाजूने तिसरा लावला. "घे, आता हरवून दाखव," असं म्हणाले आणि डोळ्यांत काहीतरी गेल्याचं निमित्त करून पाठमोरे झाले.

तिथल्या प्रयोगशाळेत लांब टेबलांवर सूक्ष्मदर्शक ओळीने मांडलेले असत. देठाचा अगदी पातळ काप काढायचा, पेशी उठून दिसाव्यात म्हणून त्यावर लाल रंगाचा थेंब सोडायचा, वर काचेची नाजूक चकती ठेवायची आणि दिसेल ते कागदावर उतरवायचं. निम्मा रंग माझ्याच वाट्याला यायचा. ती चकती आधी एका कडेने टेकवून मग हळूच तिरकी सोडायची असते. पहिल्याच महिन्यात तायडीने घाईघाईत ती थेट वरून ठेवून दिली. मग दोन तास खपून चित्र काढलं. चित्रात मधोमध जाड काळ्या काठाचं एक सुबक वर्तुळ होतं. आपण काहीतरी नवंच शोधून काढलं, असं वाटून ती मनातल्या मनात फुलून गेली होती.

शिकवणाऱ्या बाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि त्यांना हसू आवरेना.

"अगं, हा तर हवेचा बुडबुडा! झाडाशी याचा काडीचाही संबंध नाही."

तायडीचा चेहरा एवढासा झाला. बाई मात्र चित्राकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "बाकीच्यांनी पुस्तकातलं चित्र उतरवलंय. तू दिसलं ते काढलंस. ही सवय मोडू नकोस."

तिने ती मोडली नाही. चार वर्षं तिने मान मोडून अभ्यास केला, चांगल्या गुणांनी पदवी मिळवली, पण प्रयोगांच्या तक्त्यांपेक्षा तिच्या चित्रांच्या वह्याच भराभर भरत गेल्या. माझा तिसरा खिसा एकही दिवस रिकामा राहिला नाही. मी फार सुखात होतो.

परत आल्यावर तिने बाबांना सांगून टाकलं, की तिला प्रयोगशाळेत नोकरी करायची नाही, कापडावर नक्षी छापायची आहे.

बाबांच्या हातातली कात्री थांबली. "एवढं सातासमुद्रापार जाऊन शेवटी कापडच? ते तर इथेच होतं की."

तोवर ते येईल त्या गिऱ्हाइकाला "माझी मुलगी शास्त्रज्ञ होणार" असं सांगायचे. ते बोलणं बंद पडलं. तायडीने मागच्या खोलीत छपाईचं टेबल मांडलं, पण बापलेक कामापुरतंच बोलू लागले. बाबांच्या नजरेस पडू नये म्हणून तिने मला घालणंही सोडलं. आई म्हणाली, "फरशी पुसायला बरा आहे हा." माझी तर पाचावर धारण बसली! बाबा "राहू दे" म्हणाले आणि त्यांनी मला शिलाई मशीनवर टाकलं. जिच्या सुईखाली जन्मलो, तिचंच पांघरूण होऊन मी धूळ खात पडलो. मला फार वाईट वाटायचं.

मग तायडीला पहिलं मोठं काम मिळालं. एका वाचनालयाच्या खिडक्यांचे पडदे. कापड तिने छापलं आणि ते शिवायला अर्थातच बाबांकडे आलं. त्यांनी ते टेबलावर पसरलं आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"छपाईत चूक झालीय. ही काळ्या काठाची वर्तुळं मध्येच कुठून आली? थांब, चुणीत दडवून टाकतो."

"दडवू नका, बाबा. चूक आहे, पण माझीच आहे. तिथल्या पहिल्या महिन्यातली."

तिने बुडबुड्याची सगळी हकिगत सांगितली. मग मागच्या खोलीतून आपला परदेशातला सूक्ष्मदर्शक आणला, देठाचा काप ठेवला आणि या वेळी चकती मुद्दाम चुकीची ठेवली. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि एक डोळा मिटून बघू लागले. तायडी मशीनवरून लोंबणाऱ्या माझ्या बाहीचं टोक बोटांत पिळत उभी होती. परीक्षेतसुद्धा तिचे हात इतके गार पडलेले मला आठवत नाहीत.

"हे तू चार वर्षं बघत होतीस?"

"हो."

"आणि आता?"

"आताही रोज बघते. त्याशिवाय मला नक्षी काढताच येत नाही."

बाबांनी डोळा पुसला. "मग तू सोडलंस कुठे? मला वाटलं, सगळं वाऱ्यावर सोडून आलीस. आधी दाखवायचं नाही का, वेडे!"

"तुम्ही विचारलंत कुठे?" म्हणता म्हणता तायडी हसली आणि रडलीही.

पडद्यांवर सगळे बुडबुडे अगदी समोर आले. उरलेल्या तुकड्यातला एक बुडबुडा बाबांनी कापला आणि माझ्या फाटक्या कोपरावर लावला. तायडी आता रोज मलाच घालून छपाई करते.

परवा एका गिऱ्हाइकाने विचारलं, "काय हो, मुलगी शास्त्रज्ञ झाली की चित्रकार?"

बाबा बटण लावता लावता म्हणाले, "ते तिलाच विचारा. मला एवढंच ठाऊक, की दिसेल तेच काढते."

म्हणून मित्रांनो, एखादी जुनी वस्तू किंवा कधी काळी शिकलेलं काही निकामी झालंय असं वाटलं, तर लगेच त्याचं फडकं करू नका. धुवा, ठिगळ लावा आणि आधी खिसे तपासा. माझ्या तिसऱ्या खिशात परदेशातली बोटभर पेन्सिल अजून आहे. तायडीने ती काही हरवून दाखवलेली नाही.