बैलांचे घुंगरू

खुशालरावांनी उपरण्याखाली हात घातला आणि मोरोपंतांच्या हातावर आपला पंजा उघडा टेकवला. त्यांच्याआधी हेमचंदशेठचा हात जाऊन आला होता. मोरोपंतांनी उपरणं बाजूला केलं, घसा साफ केला आणि समोर बसलेल्या कीर्तनकारांना म्हणाले,

"बुवा, रामनवमीचा खर्च पंचांनी मान्य केला."

बुवांनी बसल्या जागेवरूनच हात जोडले, आशीर्वाद दिला आणि पंचांचं मन बदलायच्या आत चिपळ्या गोळा करून निघाले.

अमरावतीच्या कापूसबाजारातली ही रीत होती. दलाल कापसाचा भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरवायचे. कुणी काय दिलं ते तिसऱ्याला कळत नसे. बाजारात येणाऱ्या गाड्यांमधून धर्मादायाचा कापूस काढला जाई, आणि त्यातून कोणत्या कीर्तनकाराला, भजनी मंडळाला, खेळ करणाऱ्यांना हात द्यायचा ते ठरवायला बाजाराजवळच्या देवळात तीन पंच बसत. तेही तसंच ठरे. उघडा पंजा म्हणजे होकार, मिटलेली मूठ म्हणजे नकार. एक मूठ मिटली तरी मागणी बाद. कुणाची मिटली ते फक्त उपरण्याचे मालक, म्हणजे मोरोपंत वकील, जाणत आणि ते कधी फोडत नसत. तोंडावर नाही म्हणायचं संकट टळे, गावात वैर वाढत नसे.

आणि गाडीतला कापूस जसा मूठभर उपसून पाहायचा, तशी मागायला येणाऱ्यानंही आपली वानगी दाखवायची. थोडं गायचं, थोडं वाजवायचं. पंचांना कापसाची पारख होती. गाण्याचीही असणारच, असं ते धरून चालले होते.

खुशालराव या वर्षीच पंच झाले होते. समुद्रापलीकडे कुठे लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीतल्या बोंडांना विचारायची सोय राहिली नाही. मोर्शीकडच्या एका खेड्यातून आलेला खुशाल पाचसहा हंगामांत खुशालराव झाला. डोक्याला जरीचं पागोटं आलं, दारात बैलजोडीची दमणी आली. पंचांत बसताना ते 'मले' न म्हणता 'मला' म्हणत आणि म्हणून झाल्यावर मोरोपंतांकडे पाहत.

"पुढं कोण आहे?" मोरोपंतांनी विचारलं.

सभामंडपाच्या पायरीशी तिघंजण उभे होते. पुढे एक म्हातारा, ढोलकी खांद्याला लावलेला एक जण आणि मागे सडपातळ अंगाचा, नुकतं लग्न झालेल्यासारखी हळद अजून नखांत असलेला एक गडी. म्हाताऱ्यानं पायरीला हात लावून कपाळाला नेला.

खुशालरावांनी म्हाताऱ्याला ओळखलं. ते नत्थुजी होते.

"दंडारवाले आहोत बाप्पा. मोर्शीकून आलो," नत्थुजी म्हणाले.

"दंडार म्हणजे ते हिवाळ्यात रात्रभर नाचतात ते?" हेमचंदशेठनी विचारलं. "आदमी लोग लुगडं नेसून?"

"व्हय जी. बाईचं सोंग बी मानूसच घेते. आमच्याकडं त्याले मोठा मान असते."

हेमचंदशेठ हसले. मोरोपंतही हसले. खुशालरावांनी दोघांपेक्षा जरा मोठ्यानं हसून घेतलं. नत्थुजी खाली पाहत होते. आल्यापासून त्यांनी खुशालरावांकडे एकदाही नजर टाकली नव्हती.

"मागणं काय आहे?"

"एक चाळ पायजे, पंत. पायात बांधाची, घुंगराची. पितळ लय महाग झालं. आमाले झेपत नाई."

"जुनी काय झाली?"

नत्थुजींनी उपरण्याच्या टोकानं ओठ पुसले. "ज्याच्या पायात होती तो गेला दूर. चांगलं झालं त्याचं."

"मग त्याच्याकडून आणायची. तुमचीच ना?"

"आमचीच, देवापुढची. पन मागाची रीत नाई, पंत. ज्यानं बांधली त्यानं आपल्या हातानं सोडाची, दुसऱ्याच्या हाती द्याची आन् सवालावरचा आपला गान्यातला जबाब एक डाव म्हनून दाखवाचा. मंग तो जबाब दुसऱ्याचा होते. तवरी त्याची जागा कोनी घेत नाई. तो गेला तवापासून आमची दंडार उभीच नाई राह्यली." ते थांबले. "आता म्हटलं, पंचाइनं नवी चाळ देल्ली त देवाले सांगता येईन, का बाप्पा, हे नवीन सुरू केलं. नाई देल्ली त आमच्यासंगंच संपते."

खुशालरावांनी पानाचा डबा उघडला, पान न घेताच मिटला.

ती चाळ त्यांच्याकडे होती. मोर्शीच्या पंचक्रोशीत एके काळी खुशालच्या पायांसाठी लोक गाड्या जुंपून येत. लुगडं नेसून तो उभा राहिला की म्हाताऱ्या बाया त्याची दृष्ट काढत. मग कापूस आला, पैसा आला, शहर आलं, आणि मोठ्या घरातली रुख्मिणी बायको म्हणून आली. गाव सोडताना त्यानं चाळ गाठोड्यात तशीच बांधून आणली. परत द्यायला गेलो तर जबाब म्हणावा लागेल आणि म्हटला की पाय निघायचा नाही, असं त्याला तेव्हा वाटलं होतं. एक दिवस रुख्मिणीनं पेटी आवरताना घुंगरू काढून विचारलं, "हे कशाचे?" खुशालरावांच्या तोंडून निघून गेलं, "बैलांचे." हौशी बाई; तिनं दुसऱ्या दिवशी ते चामड्याच्या पट्ट्यांवर शिवून घेतले आणि बैलांच्या गळ्यात बांधले. तेव्हापासून अख्खा बाजार खुशालरावांची दमणी आवाजावरून ओळखत होता. त्यांना स्वतःला पहिले काही दिवस तो आवाज ऐकवत नसे. मग सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते, आणि लाज वाटायची तर नेमकी याचीच वाटायला हवी होती.

"वानगी दाखवा," मोरोपंत म्हणाले.

ढोलकी घुमली. नत्थुजींचा आवाज चिरकला होता, पण उंच गेला की अजून कंप धरी.

"नदीपल्याड मेळा भरला, कोन नेईन तुले व?"

यापुढे बाईचा जबाब. नत्थुजी गप्प झाले. ढोलकी मात्र वाजत राहिली, ठेका सोडला नाही, आणि जबाबाची ती सगळी जागा रिकामी गेली. मग नत्थुजींनी पुढचा सवाल उचलला. पुन्हा तीच रिकामी जागा. मागे उभा असलेला सडपातळ गडी ओठ घट्ट मिटून ऐकत होता.

खुशालरावांच्या धोतराखाली पायाचा अंगठा हलला. त्यांनी पाय आखडून मांडीखाली घेतला.

"अर्धंच गाणं हे," हेमचंदशेठ म्हणाले, तरी त्यांची मान डोलत होती. "लेकिन आवाज अच्छा आहे."

मोरोपंतांनी उपरणं पसरलं. हेमचंदशेठचा हात आत गेला आणि बाहेर आला. मग खुशालरावांचा.

चाळ मिळाली तर हे लोक पुन्हा उभे राहतील, याच बाजारात खेळ करायला येतील, आणि कुणीतरी म्हणेल की आधी जबाब कोण म्हणायचा ठाऊक आहे का. एवढंच त्यांच्या मनात आलं. त्यांनी मूठ मिटली. मोरोपंतांची बोटं क्षणभर त्या मुठीवर थबकली, उघडण्याची वाट पाहिल्यासारखी. ती उघडली नाही.

"बाबा," मोरोपंत म्हणाले, "पंचांना या साली जमत नाही."

"बरं जी." म्हाताऱ्यानं पुन्हा पायरीला हात लावला. "तुमाले तरास देल्ला."

आणखी काही बोलले असते तर बरं झालं असतं, असं खुशालरावांना वाटलं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

बैठक उठली. पंच पायऱ्यांवर जोडे घालत होते. दंडारवाले बाजाराच्या फाटकाकडे निघाले होते, आणि तेवढ्यात समोरून खुशालरावांच्या गाडीवानानं, चंद्रभाननं, दमणी आणली. रोजच्या वेळी, रोजच्या ऐटीत, बैल माना हलवत आणि घुंगरू वाजवत.

नत्थुजी जागच्या जागी थांबले. डोळे मिटून त्यांनी नुसतं ऐकलं. मग पुढे होऊन उजव्या बैलाच्या गळ्याला हात लावला आणि तो हात कपाळाला नेला. ढोलकीवाल्यानं तसंच केलं, सडपातळ गड्यानंही केलं.

"पाहा, तुमच्या बैलांना नमस्कार करून राहिले!" हेमचंदशेठ हसत म्हणाले.

खुशालराव पायऱ्या उतरले. एक जोडा पायात होता, दुसरा वरच राहिला. भरल्या बाजारातून ते दमणीपर्यंत गेले आणि चंद्रभान तोंड उघडं टाकून पाहत असताना त्यांनी दोन्ही पट्टे सोडले. गाठ सुटायला वेळ लागला.

"घ्या," ते हळू म्हणाले.

नत्थुजींनी हात पुढे केला नाही. नजर अजून खालीच होती.

"जबाब?" त्यांनी तितक्याच हळू विचारलं.

खुशालरावांनी मागे पाहिलं. पायऱ्यांवर मोरोपंत, हेमचंदशेठ आणि त्यांच्याभोवती चारदोन दलाल उभे होते. त्यांनी पाठ तिकडे केली, बैलाच्या मानेआड वाकले आणि कुजबुजले,

"पाय माहे, वाट माही, कोन अडवीन मले जी..."

गाणं नव्हतंच ते. चोरीचा माल हातात द्यावा तसा त्यांनी तो जबाब दिला. नत्थुजींनी तरी डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि उपरण्याचा पदर पसरला. चाळ त्यात पडली.

"शालिकराम, पाया पड," ते मागच्या गड्याला म्हणाले. तो वाकला. खुशालरावांना मागे सरकायलाही सुचलं नाही.

"काय झालं खुशालराव?" मोरोपंत जवळ आले होते. बाकीचेही आले.

नत्थुजीच बोलले.

"मालकानं आपल्या बैलाच्या गयातली चाळ सोडून आमाले देल्ली, पंत. बाकी काई नाई."

त्यांनी सांभाळून घेतलं होतं. तेही अगदी सहज.

मोरोपंत बघत राहिले. मग त्यांचा चेहरा एकदम फुलला.

"मंडळी, आज माझ्याकडून रीत मोडते आहे, पण मला राहवत नाही. मघाशी मूठ मिटलेली होती ती यांची! मी मनात म्हटलं, नवा पैसा, हात आखडताच असणार. आणि हे गृहस्थ! धर्मादायाच्या पैशाला हात लागू दिला नाही. पदरचं दिलं, तेही दाराची शोभा काढून. याला म्हणतात दाता."

दलालांनी वाहवा केली. हेमचंदशेठनी पाठीवर थाप मारली.

आल्यापासून पहिल्यांदा नत्थुजींनी मान वर केली आणि खुशालरावांकडे सरळ पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. मूठ कुणाची होती ते कळल्यावर म्हातारा नुसता पाहत होता, ओळखीचं माणूस समजून हाक मारावी आणि ते दुसरंच निघावं, तसा. मग त्यांनी पदराची गाठ मारली आणि चालू लागले.

खुशालरावांनी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

दमणी निघाली. घुंगरू नव्हते, म्हणून वाटेवरची माणसं उशिरा बाजूला होत होती आणि चंद्रभानला ओरडावं लागत होतं. फाटकाबाहेर निंबाखाली दंडारवाल्यांनी चाळ शालिकरामच्या पायात बांधली होती. दमणी पुढे गेल्यावर मागून ढोलकी घुमली, नत्थुजींचा सवाल आला, आणि या खेपेला जागा रिकामी गेली नाही.

"पाय माहे, वाट माही, कोन अडवीन मले जी!"

शालिकरामचा गळा मोकळा होता. बाजारातली माणसं माना वळवून पाहू लागली. खुशालरावांचे ओठ आवाज न करता हलले. त्यांना उतरावंसं वाटलं, अगदी दांडीवर हात ठेवण्यापर्यंत वाटलं.

"मालक," चंद्रभाननं मागं वळून विचारलं, "बाईसायेब इचारतीन, बैलाचे घुंगरू कोठी गेले मनून. काय सांगू?"

खुशालरावांनी तोंड उघडलं. मागे ढोलकी वाजतच होती.

"दान दिले म्हणून सांग," ते म्हणाले आणि पाय आखडून बसले.