ताईचा वेग

कॉलरचं टोक एकदाचं बाहेर आलं — ताईने आतून नखाने ढकललेलं, दोन्ही बाजूंनी सारखं — आणि मग तिचा हात क्षणभर मशीनच्या कडेवर टेकला. मागे घड्याळ घेऊन उभ्या असलेल्या धाकटीने ते पाहिलं. टेकलेला हातही वेळेच्या मापात धरायचा असतो. गेल्या खेपेला तो टेकलाच नव्हता.

गेल्या खेपेला... शिवणकामाच्या त्या लांबलचक हॉलमध्ये कामाला लागणारा वेळ मोजणारी घड्याळवाली मागे येऊन उभी राहिली की काय करायचं, हे काल लागलेल्या पोरींनाही ठाऊक होतं. दोरा तुटायचा, कात्री खाली पडायची, सुईत एकाएकी काहीतरी अडकायचं. आज जो वेग दिसेल तोच उद्या सगळ्या रांगेच्या मानगुटीवर बसणार, तेव्हा घड्याळासमोर गोगलगाय व्हायचं! धाकटी स्वतः रांगेत बसत होती तेव्हा ताईनेच तिला हे शिकवलं होतं. आणि तीच ताई, धाकटी नवं शिक्षण घेऊन, हातात घड्याळ घेऊन पहिल्यांदा मागे उभी राहिली त्या दिवशी, अशी सुटली की शेजारची चष्मेवाली म्हणाली, "अगं बाई, हिच्या अंगात आलंय की काय?" ताई वळली नाही. पण तिच्या पाठीवरून कळत होतं की ती हसते आहे — माझी बहीण आहे ही, बघा.

साहेब खूश झाले. "बाहेरच्या देशांत ही कॉलर इतक्या लवकर होत नाही. अशी कारागीर असताना ऑर्डर आपल्या हातून जातेच कशी?" तेव्हाच सांगता आलं असतं, की साहेब, हा वेग कामाचा नाही, मायेचा आहे, दिवसभर टिकायचा नाही. अशा घाईच्या मापात थकव्याची सूट धरायची असते, हे ती शिकली होती. तिने धरली नाही. मूग गिळून बसली असं तरी कसं म्हणावं, ती तर हसत होती... तिचं पहिलंच माप, आणि साहेबांनी ते सगळ्या रांगेसाठी भिंतीवर लावलं.

मग रांगेने ताईशी बोलणं टाकलं. जेवणाच्या सुट्टीत तिची वाट बघणाऱ्या बायका आता तिच्याकडे पाठ करून बसायच्या, आणि ताई मशीनपाशीच डबा उघडायची. घरी मनगट चोळत विचारायची, "तुझं नीट चाललंय ना गं?" नीट! पायावर धोंडा पाडायचा तोही तिच्या, आणि चौकशीही तिनेच करायची.

आता तो वेग ताईलाच झेपत नव्हता. ज्यांना झेपत नाही त्यांना पुन्हा मोजायचं आणि तरी नाही जमलं तर घरी बसवायचं, असं साहेबांनी ठरवलं होतं. आज पहिली पाळी ताईची.

खरं माप घेतलं तर ताई घरी. घड्याळाचं बटण जरा लवकर दाबलं तर ताई वाचेल, पण मग तो वेग खराच ठरेल, सगळ्या रांगेला, चष्मेवालीला, उद्या पुन्हा ताईलाही. इकडे आड, तिकडे विहीर. एक वाट होती, जिना चढून साहेबांच्या खोलीत जाण्याची. ते माप चुकीचं होतं, साहेब, आणि मला ते माहीत होतं... हे वाक्य सकाळपासून तिने किती वेळा जुळवलं, आणि दर वेळी शेवटच्या अर्ध्यापाशी अडखळली.

"पुढची कशी करू गं?" ताईने न वळता, दबक्या आवाजात विचारलं. "जोरात की हळू? तू म्हणशील तशी."

धाकटीने त्या आवाजात राग शोधला, टोमणा शोधला. नव्हता. असता तर बरं झालं असतं. आणि मग तिच्या ध्यानात आलं की ताईने विचारताच आपल्या मनात आधी आलं ते 'जोरात'. आत्तासुद्धा. तिला स्वतःची किळस आली.

"नेहमीसारखी कर."

ताईचे हात कापडावर तसेच राहिले. "नेहमीसारखी म्हणजे कशी," ती म्हणाली, "मलाच आठवत नाही बघ आता."

सांगावं म्हणून धाकटीने आठवून पाहिलं. वर्षानुवर्षं ती या बाईच्या शेजारी बसली होती. मान किती कलायची, मधेच काय बोलायची, कुठे थांबून दोरा दाताने तोडायची... तिने डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांपुढे नुसते आकडे आले.