सव्वीसचा समुद्र

समुद्राच्या पाण्यात लॅक्टोमीटर सोडला, की तो सव्वीसवर थांबतो.

*

अंबाजोगाईच्या एका डॉक्टरानं चेअरमनला सांगितलं, बीपी उतरवायचं असेल तर रोज अर्धा तास मासे बघत बसा.

*

हौदाला कुलूप लावता येत नाही. म्हणून नळाला लावलं.

*

वाफ होऊन पाणी जातं, मीठ मागं राहतं. दिवसभर मेंढरांमागं फिरलेल्या माणसाचा सदरा संध्याकाळी उलटा करून बघा.

*

गाईच्या पोटात धड चारा गेला नाही, की दूध पातळ पडतं. त्यात कुणाला पाणी घालावं लागत नाही.

*

लॉन हिरवं होतं.

*

आता हे तुकडे एका दोऱ्यात ओवायचे तर धुळाजीपासून धरावं लागेल, कारण हे सगळं त्याच्या अंगावरून गेलं.

२६

धुळाजी गावच्या दूध सोसायटीत नऊ वर्षं दूध तपासत होता. सकाळी सहाला कॅन यायला लागायचे. प्रत्येकातलं मापटंभर दूध नळकांड्यात घ्यायचं, लॅक्टोमीटर सोडायचा, तो डुलायचा थांबला की आकडा मोठ्यानं म्हणायचा. लोक त्याला डिग्री म्हणत. भिंतीवर निळ्या रंगात लिहिलं होतं: अठ्ठावीसच्या खाली दूध घेतले जाणार नाही. डिग्री चढली तर दूध चांगलं. उतरली तर पाणी घातलं, माणूस चोर. आप्पाराव चेअरमननं वीस वर्षं ह्या एवढ्या शहाणपणावर सोसायटी चालवली होती. चोराचं दूध परत द्यायचं नाही, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मोरीत ओतायचं, हा रिवाजही त्याचाच.

ओतायचं काम धुळाजीचं.

२०१९ च्या एप्रिलात एका सकाळी बायडाबाईचा कॅन आला. बायडाबाई म्हणजे धुळाजीची माय. दोन गाई: तांबी दुभती, भोरी गाभण. लॅक्टोमीटर डुलला, थांबला. धुळाजीनं नळकांडं हलवून परत बघितलं. तरी तेच.

"बोल की बे," खुर्चीवरून चेअरमन म्हणाला. "माय हाय म्हणून जीभ उचलंना व्हय?"

"सव्वीस."

"ओत."

बायडाबाईनं पदर खोचला. "पाणी घालायला पाणी हाय कुठं, चेअरमन? मला दावा. मीबी एक घागर भरून नेते."

रांगेतले दोघं-तिघं हसले. चेअरमन हसला नाही. त्यानं नुसता अंगठा मोरीकडं केला. त्या हाताच्या बोटात मंगळासाठी घातलेली पोवळ्याची अंगठी होती. धुळाजीनं मायचं पाच लिटर दूध मोरीत ओतलं. मोरी इतकी कोरडी होती, की दूध चार हातसुद्धा वाहिलं नाही. जागच्या जागी मुरलं.

बायडाबाई रिकामा कॅन घेऊन गेली. लेकाकडं तिनं बघितलं नाही.

२६, बंगल्यावर

सोसायटीचं काम उरकलं की धुळाजीला दुसरं काम होतं, ते चेअरमनच्या बंगल्यावर. डॉक्टरानं मासे बघायला सांगितले होते. दुसऱ्या कुणी काचेचा गोळा आणून त्यात दोन मासे सोडले असते. चेअरमननं दिवाणखान्याची भिंत पाडली आणि पुण्याच्या माणसाकडून बारा फुटी टाकी बसवून घेतली. तीन हजार लिटर. पाणी थंड ठेवायचं यंत्र, लाटा काढायचे पंखे, निळे दिवे, पाच-सहा रंगीत मासे, समुद्रातून जीवजंतूंसकट काढलेले जिवंत दगड, आणि त्या दगडांवर चिकटवलेली पोवळ्यांची वस्ती. कुठं मेंदूसारखा वळ्यावळ्यांचा गोळा, कुठं हिरव्या बोटांची जुडी. एकाच्या प्रत्येक फांदीला हातोडीसारखं टोक आणि ते वाऱ्यातल्या बाजरीसारखं हलायचं. दहा तालुक्यांत असं कुणाकडं नाही, असं चेअरमन येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा.

हे सांभाळणार कोण? थेंब मोजून तपासणी करणारा गावात एकच माणूस होता. पुण्याच्या माणसानं दोन दिवस राहून धुळाजीला शिकवलं. पाण्यातला चुना किती, खार किती, चिमट्यानं खाऊ कसा भरवायचा. क्षार मोजायची काचेची नळी दुसऱ्याच महिन्यात फुटली. तेव्हा धुळाजीनं खिशातला लॅक्टोमीटर टाकीत सोडून फोनवर आकडा सांगितला. पुण्याचा माणूस पोट धरून हसला. म्हणाला, "चालतंय की. सव्वीस धरून ठेवा. उन्हानं पाणी उडालं की आकडा चढेल, फार चढला तर पोवळी मरतील. तेवढंच गोडं पाणी घालून परत सव्वीसवर आणायचं. मीठ घालायचं नाही."

पण गोडं पाणी म्हणजे गाळलेलं. रोज पाचशे लिटर पाणी सोसायटीच्या बोअरमधून टेम्पोत भरून बंगल्यावर न्यायचं, मागच्या यंत्रातून गाळायचं. पाचशेतून सव्वाशे शुद्ध निघायचं. बाकीचं पावणेचारशे यंत्र नाकारायचं, ते लॉनवर.

बोअर दमलेला. बंगला आणि सोसायटीच्या दारातला जनावरांचा हौद, दोन्ही भागेनात. म्हणून मार्चात हौदाच्या नळाला कुलूप लागलं. धुळाजी टेम्पो घेऊन निघायचा तेव्हा सभासदांची जनावरं सवयीनं हौदापाशी उभी असायची. दगड चाटायची. त्यात भोरी असायची, पोट हे एवढं, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. टेम्पोतलं पाणी डचमळलं की सगळ्या जनावरांचे कान एकदम वळायचे.

दूध ओतलं त्याच दिवशी चेअरमन टाकीपाशी येऊन उभा राहिला. एरवी तो लांबच्या सोफ्यावर बसायचा. धुळाजीनं लॅक्टोमीटर पाण्यात सोडला.

"किती?"

"सव्वीस."

चेअरमन वाकला. स्वतः बघितलं. बोटातलं पोवळं काचेवर टकटक वाजवलं.

"सव्वीस. माझ्या घरात."

"ह्याला सव्वीसच लागतं, साहेब. पुण्यावाल्यानं—"

"पुण्यावाल्याला डिग्रीतलं काय कळतंय? वीस वर्षं मी सव्वीसची मोरी केली. आन् माझ्याच हॉलात सव्वीस?" त्याचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "टाकीत कालवायच्या मिठाचं पोतं कसलं महागाचं हाय, म्हाईत हाय ना तुला? अर्धं मीठ कुठं जातंय बे? माय दुधात पाणी घालती, लेक समुद्रात घालतो. रक्तातच हाय तुमच्या."

धुळाजीच्या हातातलं फडकं पिळवटलं गेलं.

"दूध न्हाई हे, साहेब."

"लॅक्टोमीटर तोच हाय न्हवं? तीसच्या वर पाहिजे मला. एक थेंब पाणी घालायचं न्हाई. सव्वीस परत दिसलं तर सोसायटीत पाय ठेवू नको."

एक वेळ धुळाजीच्या तोंडाशी सगळं आलं. वाफ, मीठ, चढता आकडा म्हणजे काय, सगळं. ते त्यानं गिळलं. आणि फडकं झटकून खांद्यावर टाकलं.

"बरं," तो म्हणाला. "मग टेम्पोचं पाणी लागणार न्हाई. हौदाचा नळ उघडू का?"

"उघड. लोकं बी गप बसतील."

२८

कुलूप धुळाजीनंच काढलं. पहिल्या दिवशी हौदाच्या दगडांनीच निम्मं पाणी पिऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी भोरीनं तोंड बुडवलं ते डोळे मिटेपर्यंत. संध्याकाळी बायडाबाईनं लेकाच्या ताटात ठेचा वाढला.

बंगल्यावर आकडा चढत होता. सत्तावीस. अठ्ठावीस. चेअरमन रोज सकाळी विचारायचा आणि धुळाजी खरं तेच सांगायचा. हीच त्यात मजा होती. एक अक्षर खोटं नाही.

"अठ्ठावीस."

"बघ. चोरी बंद झाली की कसं होतं."

टाकी वरून भरलेलीच दिसायची. कमी व्हायचं ते खालच्या कपाटातल्या हौदीतलं पाणी, आणि कपाट उघडणारा धुळाजी एकटा.

२९

हातोडीची टोकं बाहेर येईनात. मेंदूसारख्या गोळ्याचं मांस वळ्यांमध्ये आक्रसलं, आतलं हाड कडेनं पांढरं दिसायला लागलं. धुळाजी चिमट्यानं खाऊ धरायचा तेव्हा पूर्वी त्या वळ्यांतून बारीक तोंडं उघडायची. आता उघडत नव्हती. त्याला वाटलं होतं, बघून बरं वाटेल. वाटलं नाही. राग तेवढाच राहिला, वर हे.

घरी त्यानं मायला सगळं सांगितलं. हसत सांगितलं, कारण गोष्ट हसण्यासारखीच होती: चेअरमन आपल्या हातानं आपला समुद्र मारतोय आणि शाबासकी देतोय.

बायडाबाई भोरीच्या अंगावरच्या गोचिड्या काढत होती. "पोवळं म्हंजी खडा ना रं? अंगठीतला?"

"ते हाड झालं. जितं असताना त्याला तोंड असतं. खातं, पितं."

तिचा हात थांबला. "मंग जितराबच की."

"लई लहान."

"लहान-मोठं मी इचारलं का? जितराब हाय का न्हाई?"

"हाय."

"आन् तू त्याचं पाणी तोडलं."

"मी न्हाई, त्यानं—"

"धुळ्या." ती उठून उभी राहिली. "माझं दूध त्यानं ओतलं. त्याच्या जितराबानं न्हाई ओतलं. आपल्या सात पिढ्या मेंढरं राखत्यात. दुष्मनाची मेंढी बी आडावर आली तर आपण तिला हाकलत न्हाई, तिच्या मालकाला हाकलतो. तुला चेअरमनचं नरडं धरायचं तर धर जा. ते जमंना म्हणून मुक्यावर सूड काढतो व्हय?"

"पाणी तिकडं नेलं तर हौद परत बंद हुईल, माय. भोरीचे दिवस भरत आलेत."

"निम्मं ने. निम्म्यात भोरी जगंल. न्हाईच जगली तर माझ्या दारात मरंल, मी बघून घेईन."

रात्रभर धुळाजीला माय बरोबर आहे ह्याचाच जास्त राग आला.

३१

दुसऱ्या दिवशी त्यानं अडीचशे लिटर टेम्पोत भरलं. बंगल्यामागं गाळून दोन कॅन शुद्ध पाणी घेतलं. एकदम घालायचं नव्हतं, आठवडाभर थोडं थोडं, नाहीतर धक्क्यानंच मरतील. कॅन घेऊन तो हॉलात शिरला तर आत पाहुणे. शेजारच्या दोन सोसायट्यांचे चेअरमन, शहादेव आणि आसाराम, बशीतून चहा पीत टाकीपुढं बसलेले. कपाटातला पंप घशात कफ अडकल्यासारखा घुरघुरत होता. खालचं पाणी तळाला लागलं होतं.

"ह्यो आमचा समुद्राचा डॉक्टर," चेअरमन म्हणाला. "दाव रे डिग्री पाव्हण्यांना."

धुळाजीनं लॅक्टोमीटर सोडला. तो वर वर आला आणि ताठ उभा राहिला.

"एकतीस."

"एकतीस?" शहादेव बशी खाली ठेवून पुढं सरकला. "आमच्याकडं म्हशीचं बी इतकं लागंना औंदा."

"भेसळच न्हाई म्हणल्यावर," आसाराम म्हणाला. "मालकाचा धाक लागतो."

जन्म दुधात गेलेली तीन माणसं मरत्या पाण्यापुढं माना डोलावत होती. तिघांच्याही डोळ्यांपुढं हिरव्या बोटांची जुडी पांढरी पडून लोंबत होती. ती कुणाला दिसेना, कारण आकडा चांगला होता.

"साहेब," धुळाजी म्हणाला, "हे सव्वीसवर आणावं लागंल. हळूहळू. ह्यात जीव हायेत, मरायलेत. मी आधीच बोलायला पाहिजे होतं. न्हाई बोललो. माझी चूक हाय."

चेअरमननं कॅनकडं बघितलं. "काय हाय त्यात?"

"पाणी."

"एकतीसमधी पाणी घालतो? पाव्हण्यांसमोर? माझ्यासमोर?" तो टाकीच्या पुढं येऊन आडवा उभा राहिला, दोन्ही हात काचेवर पसरून, जणू कुणी त्याच्या लेकरावर चालून आलं होतं. "शेवटी जातीवर गेलाच."

"पुण्याला फोन लावा. आत्ता लावा. त्यो सांगंल."

"ओत."

धुळाजी जागचा हलला नाही.

"बाहेर न्हिऊन ओत म्हणलं. मोरीत."

नऊ वर्षांत हा शब्द धुळाजीनं किती वेळा ऐकला होता आणि प्रत्येक वेळी त्याचा हात आपोआप वाकला होता. ह्या वेळी त्यानं वाकून लॅक्टोमीटर तेवढा पाण्यातून काढला, सदऱ्याला पुसला आणि चेअरमनच्या हातात दिला.

"ह्यो तुमचा. मोजा," तो म्हणाला. "तुमची मान पाण्याबाहेर किती हाय, ते बी मोजा एकदा."

आसारामच्या बशीतला चहा सांडला. चेअरमनच्या कपाळावरची शीर टरारली. डॉक्टरानं सांगितलेला अर्धा तास त्या दिवशी काही कामाला आला नसणार.

दोन कॅन घेऊन धुळाजी बाहेर पडला. लॉन पिवळं पडलं होतं. टेम्पो त्यानं हौदापाशी थांबवला आणि पोवळ्यांसाठी गाळलेलं, थेंबन् थेंब शुद्ध पाणी हौदात सोडलं. भोरीनं तोंड लावलं, मान वर केली, परत लावलं. तिला ते बेचव लागलं असणार. तरी प्याली.

टेम्पोची किल्ली त्यानं राधाकिशन सेक्रेटरीच्या टेबलावर टाकली आणि चालत घरी गेला. माय उंबऱ्यात बसली होती.

"घातलं का?"

"घालू दिलं न्हाई."

ती उंबऱ्यात सरकली, त्याला बसायला जागा केली. मग म्हणाली, "किती होती रं ती पोवळी?"

धुळाजीनं मोजली होती. "त्रेचाळीस."

पाचव्या दिवशी पंप जळाला. सातव्या दिवशी बंगल्याच्या खिडक्या उघड्या टाकल्या, तरी वास रस्त्यापर्यंत येत होता. कुणीतरी पोवळ्यांची पांढरी हाडं पाटीत भरून उकिरड्यावर टाकली, चेअरमनच्या बोटातलं तेवढं लाल राहिलं. हौदाच्या नळाला परत कुलूप घालायला राधाकिशन आला, तेव्हा तिथं बायाच बाया उभ्या होत्या, पुढं बायडाबाई. कुलूप खिशात घेऊन तो माघारी गेला.

बायडाबाईचं दूध मोरीत ओतलं, त्या दिवशी गावात शेवटचा टँकर येऊन अकरा दिवस झाले होते.