एर्वेची मर्लो

पेल्याच्या आतल्या बाजूनं एक थेंब ओघळत होता, जाडसर, जांभळट, मागे ओली रेघ सोडत, आणि तो तळाशी पोचेपर्यंत तरी आपल्याला काही बोलावं लागणार नाही, असं ओदीलला वाटलं. टेबलापलीकडे तिचा दीर थिएरी, आणि पोमरोलमधल्या तळघरांतून वाइन पारखत फिरणारा मस्यू लाबोर्द. दोघंही तिच्या तोंडाकडे पाहत होते.

"सावकाश घ्या, मादाम," लाबोर्द म्हणाला.

घाई कसलीच नव्हती. तिचा नवरा एर्वे वसंतात गेला, तेव्हापासून नव्हती. मागे उरली होती ही पिंपांत मुरणारी त्याची शेवटची वाइन, मर्लो द्राक्षांची, काबर्ने फ्रां या दुसऱ्या द्राक्षाची थोडीशी जोड दिलेली. ती घराण्याच्या नावानं बाटल्यांत भरायची की नाही, ते आज ठरायचं होतं.

तिनं पेला पुन्हा नाकाशी नेला. आलुबुखार येऊ दे… पावसानंतरची चिकणमाती येऊ दे, व्हायोलेटची एखादी पाकळी तरी… पण आला तो तबेल्याचा वास. घामेजलेला घोडा, जुनं खोगीर, आणि त्यामागून दवाखान्यातल्या चिकटपट्टीचा. तिनं घोट जिभेवर घोळवला. मर्लोचा तो सायीसारखा मऊपणा कुठेच नव्हता; शेवट कडवट, पत्रा चाटल्यासारखा. तिनं तो थुंकला. पुन्हा घेतला.

"किती वेळा घेशील?" थिएरी हळूच म्हणाला. "वाइन काय विनवण्या ऐकते होय?"

"पेला नीट विसळलेला नाही."

"मीच विसळलाय, ओदील. सगळ्या पिंपांची हीच गत आहे."

लाबोर्दनं घसा साफ केला. "असं बिघडणं एका रात्रीत होत नाही, मादाम. वर्षभर आत मुरत आलंय. आणि एर्वेसारख्याच्या नाकाखाली… त्यांना काही त्रास होता का? सर्दीचा वगैरे?"

नाही म्हणायला तिनं तोंड उघडलं, आणि —

गेला उन्हाळा. खरबूज चिरताना एर्वे फोड पुढे करतो, तू सांग, पिकलंय का? दुधाचं भांडं पुढे करतो, बघ गं, नासलं नाही ना. आणि पिंपातून काढलेला पेला तिच्या हातात देतो, तू सांग… तीस वर्षं ज्यानं तळघरात "दार लाव" याखेरीज तिला काही म्हटलं नव्हतं, तो विचारत होता. उतारवयात माणूस मऊ होतो, असं तिला वाटलं होतं. त्या दिवसांत तिनं केस नव्या तऱ्हेनं कापून घेतले होते — मी, या वयात, आरशासमोर, नव्या नवरीसारखी. पेल्याकडे लक्ष होतं कुठे? तो विचारतोय, याच्याच धुंदीत ती "छान आहे" म्हणून गेली होती. आणि एकदा पातेलं करपून स्वयंपाकघर धुरानं भरलं, तरी हा वासच न आल्यासारखा पाठमोरा पेपर वाचत बसलेला. ती हसली होती. तोही हसला होता… क्षणभर उशिरा.

"नाही," ती म्हणाली. "सर्दी नव्हती."

"मग हे तुमच्या नावानं जाऊ नये. घाऊकवाल्याला द्या, नाहीतर ओतून टाका."

"त्याच्या हातची शेवटची आहे ही," ती म्हणाली.

"माझाही भाऊच होता तो," थिएरी म्हणाला. "पण गिऱ्हाइकाला काय सांगायचं? माणूस गेलाय, तेव्हा गोड मानून घ्या?"

ती ऐकत नव्हती. ती एकेक 'तू सांग' उचलून पाहत होती. यातलं निदान एक तरी नुसतं तिच्यासाठी असेल… खरबुजाचं? खरबूज तर तो अंगठ्यानं दाबूनही ओळखायचा, मग तेव्हा का विचारलं? की तेही नाक गेलं म्हणून, गरजेपोटीच? आता हे कोण सांगणार?

"सांगायचं होतंस की रे," ती म्हणाली.

"काय?" थिएरीनं विचारलं.

"तुला नाही."

छातीतून काहीतरी गरम वर चढत होतं, आणि ते रडू नव्हतं. इतके महिने तिला एर्वे परत हवा होता तो शेजारी बसायला, पाठीवर हात ठेवायला. आता तो हवा होता समोर, उजेडात, उभा, तोंडावर भांडता यावं म्हणून. आणि ही ओढ पहिलीपेक्षा किती आडदांड होती… ती टेबलाची कड धरून बसून राहिली.