सरकलेल्या फुल्या

अकोल्याचे प्रकाशक खुशालराव यांनी मुलांसाठी सात चित्रपुस्तकं काढली, आणि सातांचीही चित्रं राजापेठेतल्या चिंतामण मास्तरांच्या हातची. आठवं मात्र त्यांनी शेंदूरजनाघाटच्या शालिकरामला दिलं. हा शालिकराम कोण, तर संत्र्याच्या पेट्यांवरची लेबलं रंगवणारा बागवाला. ड्रॉइंगची साधी एलिमेंटरी परीक्षासुद्धा दिलेली नाही.

त्या दिवसापासून मास्तरांच्या पोटात दुखू लागलं. त्यात जखमेवर मीठ म्हणजे, रंग वेगळे करायला शालिकरामची चित्रं अकोल्याहून मास्तरांकडेच आली. छपाईला प्रत्येक रंगाचा ब्लॉक निराळा. म्हणून लाल तेवढं एका ट्रेसिंग कागदावर, पिवळं दुसऱ्यावर, असं उतरवायचं आणि प्रत्येक कागदाच्या चारी कोपऱ्यांत नेमक्या त्याच जागी फुल्या मारायच्या. फुलीवर फुली बसली की रंग चित्रात बसतो. हे किचकट काम शालिकरामला येत नव्हतं.

मास्तरांनी चित्रं उघडली. एक माकड संत्रं सोलून साल टोपीसारखी डोक्यावर घालत होतं. मास्तरांना हसू आलं, आणि हसू आलं म्हणून राग आला. त्यांच्या बायकोनं, रमाबाईंनी, मागून डोकावून म्हटलं, "तुमची माकडं कशी शिस्तीत बसलेली असतात, नाही?"

मास्तरांचं डोकंच फिरलं. लाल रंगाच्या सगळ्या कागदांवरच्या फुल्या त्यांनी गव्हाच्या दाण्याएवढ्या डावीकडे सरकवल्या. माकडाच्या तोंडाचा लाल रंग गालाबाहेर जाईल, पुस्तक बिघडेल, आणि खुशालराव झक मारत आपल्याकडे येतील, एवढंच त्यांना दिसत होतं. कागद आपल्या हातचे, तेव्हा दोष आपल्यावरच येणार, हे हेव्यापुढे सुचलंच नाही.

आठवड्यानं शालिकराम दारात उभा. हातात संत्र्यांची करंडी.

"अकोल्याहून येऊन राहिलो, मास्तर. फुल्या जराशा सरकल्या होत्या. छापखान्याच्या नत्थुजीनं नजरेनं जुळवून घेतलं, बिघडलं काही नाही." मग त्यानं आवाज उतरवला. "पण खुशालरावजी म्हणे, मास्तरचे डोये गेले, आता त्याईले काम द्याचं नाही. मी म्हटलं, आधी डाक्टरले दाखवू. तुमचेच पुस्तकं पाहू-पाहू मी शिकलो. चला."

डोळे ठणठणीत आहेत म्हणावं, तर फुल्या मुद्दाम सरकवल्या हे कबूल करायचं. नाहीतर मुकाट्यानं आंधळं व्हायचं. मास्तरांनी टोपी घातली आणि निघाले.

डॉक्टरांच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. अगदी खालची बारीक ओळसुद्धा मास्तरांना स्वच्छ दिसत होती. तरी तिसऱ्या ओळीशी ते थांबले.

"दिसत नाही."

"घाई करू नका, पुन्हा पाहा," डॉक्टर म्हणाले आणि काचा शोधायला वळले.

तेवढ्यात मागच्या बाकावरून शालिकराम कुजबुजला, वर्गात शेजाऱ्याला उत्तर सांगावं तसा. "मास्तर, 'ग' हाये. मंग 'प'."

मास्तरांनी मागं वळून पाहिलं नाही. चित्रं तर याची चांगली होतीच. हा मेला माणूस म्हणूनही चांगला निघाला, आणि त्याचा मास्तरांना त्या माकडाच्या चित्रापेक्षाही जास्त हेवा वाटला.

"ग," ते म्हणाले.